विद्यापीठाचं की कंपनीचं?

लातूर जिल्ह्यात मूल बारावीला गेलं की सल्ल्याला तोटा नसतो. अट एवढीच, की त्या मुलाला डॉक्टर व्हायचं असावं. नीटला किती मार्क पडले की कुठलं सरकारी कॉलेज, कितीच्या खाली बीएएमएस, रिपीट करावं का नाही, हे अहमदपूरच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलातसुद्धा सांगणारे भेटतात. लातूर पॅटर्नने आमचा भाग एवढा शहाणा करून ठेवलाय. आमची थोरलीही दहावीनंतर त्याच पॅटर्नच्या भरवशावर लातूरला गेली, पण तिने बायोलॉजी सोडून गणित धरलं. इंजिनिअरिंगला कुठं जावं, कसं जावं, पैसे किती लागतात, हे सांगणारं माणूस ना आमच्या नात्यात होतं ना गल्लीत.

माझं स्वतःचं शिक्षण बी.कॉम., तेही अहमदपुरातच. माझं कृषी सेवा केंद्र आहे. बी-बियाणं, खतं, औषधं विकतो. १९९६ साली बारावी झालो तेव्हा वर्गातल्या एकाचं पुण्याकडे इंजिनिअरिंगला जमलं होतं. त्याच्या तोंडून ऐकलेले दोन शब्द माझ्या डोक्यात राहिले होते, फ्री सीट आणि पेमेंट सीट. सुप्रीम कोर्टाच्या १९९३ च्या निकालाने आलेली ती पद्धत २००२ मध्ये दुसऱ्या निकालाने गेलीसुद्धा. मला त्याचा पत्ता नव्हता. तेवढ्या भांडवलावर मी २०२५ च्या जूनमध्ये मुलीच्या अॅडमिशनला लागलो.

जून म्हणजे आमच्या धंद्याचा मोसम. मृग निघाला की सोयाबीनच्या बियाण्याला काउंटरवर झुंबड असते, आणि नेमका त्याच दिवसांत सीईटीचा निकाल येतो. थोरलीला ९६ च्या पुढे पर्सेंटाइल आले. गल्लीत बातमी शहाण्णव टक्क्यांची पसरली आणि लोक घरी पेढे खायला आले. तिने मात्र त्या रात्री मला वहीवर हिशेब मांडून दाखवला. एमएचटी-सीईटी दोनशे मार्कांची. भौतिक आणि रसायनचे पन्नास-पन्नास प्रश्न एकेका मार्काचे, गणिताचे पन्नास प्रश्न दोन-दोन मार्कांचे. परीक्षा संगणकावर, बरेच दिवस, रोज वेगळ्या सत्रात आणि वेगळ्या पेपरने चालते, म्हणून मार्कांची थेट तुलना न करता तुझ्या मागे किती पोरं आहेत ते सांगतात. गणिताच्या गटातून चार लाखांवर मुलं बसलेली.

"म्हणजे पप्पा, माझ्या पुढं चार टक्के. चार लाखाचे चार टक्के किती?"

सोळा हजार. पेढ्याचा घास घशातच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. आमचा नंबर पुण्यापर्यंत कसा पोचला देव जाणे. "सर, मॅडमसाठी कॉम्प्युटरची सीट ब्लॉक करू का? शुक्रवारपर्यंत स्कॉलरशिप आहे." माझ्या धंद्यात 'शुक्रवारपर्यंतच स्कीम आहे' हे वाक्य मी कंपनीच्या माणसांकडून फार वर्षं ऐकतोय, त्यामुळे घाबरलो नाही. पण कॉलेजांच्या नावांनी भंडावून सोडलं. एकाने व्हीआयटी सांगितलं. मी होय म्हणालो. दुसऱ्यानेही व्हीआयटीच सांगितलं, पण फीचा आकडा भलताच. नंतर उलगडा झाला की पुण्याचं विश्वकर्मा इन्स्टिट्यूट आणि तामिळनाडूतलं वेल्लोर इन्स्टिट्यूट या दोघांचंही बोलीतलं नाव व्हीआयटीच. एमआयटीचं तर विचारूच नका. पुण्यात एमआयटी, संभाजीनगरला एमआयटी, मणिपालचीही एमआयटी, आणि मेव्हण्याचा मुलगा म्हणतो ती अमेरिकेतली.

शेवटी उधारीच्या वहीची मागची कोरी पानं फाडली आणि रकाने आखले. थोरली मोबाइलवर शोधायची, मी लिहायचो. मला वाटलं होतं दोन रकाने पुरतील, सरकारी आणि खाजगी. निघाले चार.

पहिल्यात सरकारी आणि अनुदानित. पुण्याचं सीओईपी १८५४ चं, विश्वेश्वरय्या तिथलेच, आणि २०२२ पासून ते राज्याच्या कायद्याने स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झालंय. मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं. संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी १९६० चं. आणि आमच्या सगळ्यांत जवळचं, नांदेडच्या विष्णुपुरीतलं श्री गुरू गोबिंदसिंघजी, १९८१ चं. त्याला सगळे एसजीजीएसच म्हणतात.

दुसऱ्यात खाजगी विनाअनुदानित कॉलेजं. संस्था खाजगी, पण पदवी सरकारी विद्यापीठाची, प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून, आणि फी किती घ्यायची ते शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्यांच्या काही जागा मात्र संस्था स्वतः भरते, त्यालाच लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात.

तिसऱ्यात खाजगी विद्यापीठं. राज्याच्या कायद्यानेच झालेली, पण पदवी त्यांची स्वतःची, प्रवेश आणि फीही त्यांची ती ठरवणार. चौथ्यात अभिमत विद्यापीठं. त्यांचा कारभारही स्वतंत्र, मान्यता दिल्लीहून. वरचा वेल्लोरवाला यांतलाच. तिथं परीक्षेतल्या रँकप्रमाणे फीचे पाच वर्ग आहेत. नंबर जितका मागे तितकी फी चढत जाते. आमच्याकडे नंबर मागे गेला की जागा जाते, तिथं जागा राहते आणि पैसा वाढतो. यात कोणी कोणाला फसवत नाही, पाटीवर लिहिलेलंच असतं. फक्त आपण कुठल्या दुकानात उभे आहोत ते ग्राहकाला कळलं पाहिजे.

या रकान्यांत स्थापनेचं सालही लिहीत होतो, आणि एक गंमत दिसायला लागली. पुण्याचं विश्वकर्मा, १९८३. पीआयसीटी, १९८३. पुण्याची एमआयटी, १९८३. लातूरचं बिडवे इंजिनिअरिंग, तेही १९८३. एकाच वर्षी सगळ्यांना कॉलेज काढायची उबळ कशी आली? आमच्या दुकानात बसायला येणारे एक निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांनी सांगितलं. त्याआधी महाराष्ट्रातली पैसेवाली मुलं कॅपिटेशन फी भरून कर्नाटकात जायची. वसंतदादा पाटील १९८३ साली पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडून दिलं. सरकारकडे नवी कॉलेजं काढायला पैसा नव्हता, तो संस्थाचालकांनी घालावा आणि फीतून वसूल करावा, असा तो सौदा.

"म्हणजे आज आपण ज्याला पुण्याचं नामांकित खाजगी म्हणतो," सर म्हणाले, "ते एसजीजीएसपेक्षा दोन वर्षांनी धाकटं आहे. आणि दोघांनाही कागद मुंबईच्या मंत्रालयातूनच मिळालेत."

मग आला पैसा. एका खाजगी विद्यापीठाचा आकडा वर्षाला चार लाखांच्या घरात, हॉस्टेल वेगळं. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामाला ५,३२८ रुपये जाहीर झाला होता, पण आडतीत चार हजारांच्या आसपासच हात लागत होता. म्हणजे एका वर्षाच्या फीला शंभर क्विंटल सोयाबीन. आमच्याकडे एकरी आठ क्विंटल आले तर शेतकरी समाधानी असतो. बारा-तेरा एकरांचं सगळं पीक, खर्च न काढता, आणि असं चार वर्षं. आमचं शेत तेवढं नाही आणि दुकानाची निम्मी कमाई उधारीत अडकलेली.

बँकेत विचारलं. पीएम-विद्यालक्ष्मी म्हणून केंद्राची योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली आहे. ठरलेल्या दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला तर तारणाशिवाय, जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सूट. चांगली योजना आहे. पण मॅनेजमेंट कोट्याला ती लागू नाही, आणि मुद्दल शेवटी फेडायचंच असतं.

खरा धक्का पुढचा होता, आणि तो सुखाचा होता. राज्य सरकारचा ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. आधी निम्मं माफ होतं. आम्ही ओबीसीत येतो. मला वाटलं माफी म्हणजे सरकारी कॉलेजापुरती असणार. तसं नाही. विनाअनुदानित खाजगी कॉलेजातही लागू आहे, फक्त प्रवेश कॅपमधून झालेला हवा. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं तेवढी वगळली आहेत.

ही ओळ वाचली आणि आमच्या वहीतले चार रकाने एकदम वेगळे दिसायला लागले. आतापर्यंत मी सरकारी स्वस्त आणि खाजगी महाग असा हिशेब धरून चाललो होतो. आता पहिला आणि दुसरा रकाना आमच्या मुलीसाठी जवळजवळ एकाच भावात आला. विकास शुल्क आणि किरकोळ फी, वर राहण्या-खाण्याचा खर्च. तिसरा आणि चौथा तिथंच राहिला, शंभर क्विंटलला. थोरलीच्या जागी धाकटा मुलगा असता तर त्याला निम्मीच माफी, म्हणजे दोन वर्षांनी त्याच्यासाठी हेच रकाने पुन्हा नव्याने मांडावे लागणार. कॉलेजची फी अमुक, असं सांगणाऱ्या माणसाला मी आता विचारतो, कोणासाठी?

मेव्हण्याचं चुलत घर अमेरिकेत न्यू जर्सीत आहे. त्यांच्याकडेही तेव्हा हाच घोळ. तिथं राज्याच्या सरकारी विद्यापीठात, म्हणजे त्यांच्या रटगर्समध्ये, त्याच राज्यात राहणाऱ्यांना फी कमी आणि बाहेरच्यांना जास्त. आणि हार्वर्डसारखं खाजगी विद्यापीठ २०२५ साली म्हणालं की दोन लाख डॉलरच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षण शुल्कच नाही. म्हणजे प्रवेश मिळाला तर सगळ्यांत नावाजलेलं खाजगीच कधी कधी सगळ्यांत स्वस्त. आपल्याकडेही बेंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ खाजगीच आहे, पण घरच्या उत्पन्नाप्रमाणे फी सोडतं. तिथं इंजिनिअरिंग नाही म्हणून आमच्या वहीत ते आलं नाही. खाजगी म्हटलं की लूट आणि सरकारी म्हटलं की फुकट, ही दोन्ही वाक्यं मी तेव्हापासून बोलायची सोडून दिली.

फी एका पातळीवर आली तेव्हा खरा प्रश्न पुढे आला, एसजीजीएस की पुणं? आता गावात प्रत्येकाला मत होतं. खत न्यायला आलेला माणूससुद्धा विचारायचा, "कुठं टाकायलाव पोरीला?" मी नांदेडचं नाव काढलं की समोरचा तोंड वाकडं करायचा. "हुशार पोरगी अन् नांदेडला? पुण्याला कंपन्या असतात." दुसरा म्हणायचा, "सरकारी ते सरकारी. पुण्यात नुसत्या काचा." दोघांनीही यांतलं एकही कॉलेज आतून पाहिलेलं नव्हतं.

काउंटरवर मला शेतकरी दर जूनला विचारतो, "विद्यापीठाचं देऊ लागलाव का कंपनीचं?" सोयाबीनच्या बियाण्यात दोन्ही आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे एमएयूएस ७१, १५८, ६१२ हे वाण मी वर्षानुवर्षं विकतोय, आणि कंपन्यांच्या चकचकीत पिशव्याही विकतोय. मी त्यांना एकच सांगतो, पिशवी बघू नका. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, चार-पाच दिवसांनी मोड मोजा, सत्तरच्या खाली आले तर परत आणा. थोरलीनं माझंच वाक्य माझ्यावर उलटवलं. "मग कॉलेजचे दाणे मोजायचे कसे, ते सांगा."

मोजायचे कसे ते तिनंच शोधलं. एनआयआरएफ म्हणून केंद्राची मानांकनाची यादी निघते, तिच्यासाठी कॉलेजांना स्वतःची माहिती भरून द्यावी लागते आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर ठेवलेली असते. किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली, आणि पगाराचा मधला आकडा काय. सगळ्या पगारांची रांग लावली की बरोबर मधे उभ्या असलेल्या मुलाचा तो पगार. जाहिरातीत असतो तो सगळ्यांत वरच्याचा. एका मुलाला चाळीस लाखांचं पॅकेज मिळालं म्हणून आपल्या मुलीला काय, हे एवढं साधं आहे, पण आकडा मोठ्या अक्षरांत दिसला की डोकं चालत नाही.

पुण्याला एका खाजगी विद्यापीठाचा कार्यक्रम होता, तिथं आम्ही गेलो. थंड हॉल, हातात कापडी पिशवी, पडद्यावर कंपन्यांची चिन्हं. थोरलीनं उठून मधला आकडा विचारला. स्टेजवरच्या बाई हसून म्हणाल्या, मेल करू. कॅम्पस मात्र खरोखर सुंदर होता, खोटं कशाला बोलू. लायब्ररी बघून बायको म्हणाली, इथं चार वर्षं राहायला मलाच आवडेल. मग आम्ही पुण्यातल्याच दोन विनाअनुदानित कॉलेजांतही फिरून आलो. इमारती जुन्या, वर्ग भरलेले, मुलं घाईत. फाटकाबाहेरच्या चहावाल्याकडे तिसऱ्या वर्षाच्या मुली भेटल्या. त्यांनी न विचारता सगळं सांगितलं. सुट्टीत इंटर्नशिप इथंच मिळते, बसने जाऊन येता येतं. खोली आणि मेस मिळून महिन्याला दहा-बारा हजार धरा. आणि इथं यायचं तर होम युनिव्हर्सिटी बघून घ्या.

हे आणखी एक नवीनच होतं. संलग्न कॉलेजांत सत्तर टक्के जागा त्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना आणि तीस टक्के बाहेरच्यांना. आमचं होम विद्यापीठ नांदेडचं, म्हणजे पुण्यात आम्ही तीस टक्क्यांतले. मेडिकलचं सत्तर-तीस २०२० साली गेलं, ते घालवताना खात्याचे मंत्री आमच्या लातूरचेच अमित देशमुख होते, म्हणून आमच्याकडे सगळ्यांना वाटतं की ते सगळीकडूनच गेलं. इंजिनिअरिंगच्या कट-ऑफ यादीत ते अजून दिसतं. यादीत जीओपीईएनएच, एलओबीसीओ असली अक्षरं असतात. आधी जी म्हणजे सगळ्यांसाठी, एल म्हणजे मुलींसाठी, मग प्रवर्ग, आणि शेवटी एच म्हणजे होमवाले, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे सगळं राज्य. औषधांच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायची मला सवय आहे, पण या यादीनं माझा चष्मा बदलायला लावला.

विष्णुपुरीला मात्र आम्ही कोणी न बोलावता गेलो. माळाकोळी, लोहा करत गेलं की नांदेड शहर लागायच्या आधीच ते येतं. शेजारीच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा ज्ञानतीर्थ परिसर आहे. त्या कमानीपुढून मी आयुष्यभर गेलो असेन, थांबलो पहिल्यांदा. माझे वडील सांगायचे, निजामाच्या काळात विद्यापीठ म्हणजे हैदराबाद, आणि तिथं शिक्षण उर्दूतून. १९५८ ला औरंगाबादला विद्यापीठ झालं, आणि १७ सप्टेंबर १९९४ ला, मुक्तिसंग्राम दिनालाच, नांदेडचं. त्याचे पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे, म्हणजे लातूरच्या ज्या शाहू कॉलेजनं लातूर पॅटर्न उभा केला त्याचे प्राचार्य. थोरलीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, चांगलं आहे, पण यानं माझी ब्रँच ठरत न्हाई." बरोबर होतं तिचं. विद्यापीठ आपल्या माणसांनी मिळवलं, याचा अभिमान मला असावा. तिनं तिथं शिकावं याला ते कारण पुरत नाही.

एसजीजीएसमध्ये टेक्स्टाइल, इन्स्ट्रुमेंटेशन, प्रॉडक्शन, केमिकल अशा ब्रँच आहेत, ज्यांची नावं फोनवाल्यांनी कधी काढली नव्हती. त्यांना कॉम्प्युटर आणि एआय एवढंच विकायचं होतं. कँटीनमध्ये बसलेली मुलं कंधार, देगलूर, वसमत, परळी अशा गावांची. एक मुलगा म्हणाला, "काका, पुण्याच्या पोरांसारखं दारात काही येत न्हाई. इंटर्नशिपला सुट्टीत पुण्याला, हैदराबादला जावं लागतं. पण लॅब रात्री उशिरापर्यंत वापरायला मिळते, अन् सर लोक ओळखतात." थोरलीनं त्याला अर्धा तास प्रश्न विचारले. एका वर्गात मुलं किती, प्रोजेक्ट कोण बघतं, गेटला किती बसतात. मी बाजूला बसून चहा पीत होतो. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण पोरगी कळत होती.

आता फॉर्म. कॅपचा पर्याय अर्ज असतो, त्यात तीनशेपर्यंत कॉलेज-ब्रँच क्रमाने भरता येतात. आधी मला वाटलं जेवढे जास्त भरू तेवढं बरं. पण २०२५ ला नियम बदलले होते. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर घ्यायलाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काही मिळालं तरी तेच. नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे वरची जागा शोभेची राहिली नव्हती. जे मिळालं तर खरोखर जायचंय तेच वर लिहायचं.

पहिल्या फेरीत तिला पुण्यातलं एक विनाअनुदानित कॉलेज लागलं, एआय अँड डेटा सायन्सला. पर्याय बराच खालचा, त्यामुळे जागा हातात ठेवून वरच्यासाठी थांबायची मुभा होती. घरात दोन तट पडले. बायको आणि मेव्हणा पुण्याच्या बाजूनं. मिळालंय ते धरा, ब्रँचही नावाची आहे. दुसऱ्या फेरीच्या अर्जात पहिल्या तीनात काय लिहायचं यावरून रात्रभर खल झाला. एसजीजीएसचं इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन तिसऱ्या नंबरला लिहिलं आणि लागलं, तर विषय संपला. चौथ्या नंबरला लिहिलं तर आणखी एक फेरी विचार करायला मिळते. मी चौथ्या नंबरच्या बाजूचा होतो. निर्णय पुढे ढकलता येत असेल तर ढकलावा हा माझा स्वभाव.

थोरली म्हणाली, "मला ते हवंय म्हणून ते तिसरं. चौथं लिहिलं तर मला काय हवंय हे माहीत न्हाई असं होईल."

तिची कारणं तिने कागदावर लिहून दाखवली होती. तिला चिपच्या बाजूचं काम करायचंय, त्याला इलेक्ट्रॉनिक्सचा पाया लागतो. सॉफ्टवेअर नंतर शिकता येतं, लॅब नंतर मिळत नाही. पुढे गेट द्यायची आहे. आणि शेवटचं, हे तिने आईकडे बघून वाचलं: पुण्याच्या खोलीला जे पैसे जातील त्यातले थोडे दरवर्षी सुट्टीत बाहेर इंटर्नशिपला जायला मला द्या. मेव्हण्यानं कारणं काढून पाहिली. कंपन्या? मधला आकडा तिच्याकडे तयार होता. शहराचं वारं? ती म्हणाली, लातूरला दोन वर्षं होते, वारं लागलंय थोडं.

पहिल्या नंबरला सीओईपी होतं, ते लागणार नव्हतं आणि लागलंही नाही. दुसऱ्याला एसजीजीएसचंच कॉम्प्युटर, तेही थोडक्यात हुकलं. तिसरं लागलं. दुकानात सोयाबीनवरच्या तणनाशकाची गर्दी होती, मी काउंटरवरून उठू शकलो नाही. तिने लातूरहून फोन करून सांगितलं आणि कागदपत्रांची यादी वाचून दाखवली.

आता कॉलेज सुरू होऊन काही महिने झालेत. निर्णय बरोबर होता का, हे मला कोणी विचारलं तर मी सांगतो, चार वर्षांनी या. हुशार मुलगी कुठेही शिकते असं मला सगळे समजावतात. मला ते पटत नाही. तसं असतं तर एवढी धावपळ कोणी केलीच नसती. एवढं मात्र कळलं की सरकारी का खाजगी, हा प्रश्न चार वेगवेगळ्या प्रश्नांची मोळी आहे. पदवी कोणाची? फी कोण ठरवतं? माफी त्या दारातून आत येते का? आणि मधल्या मुलाचं तिथं काय होतं? ही चार उत्तरं कागदावर आली की उरतो तो मुलाला काय करायचंय हा प्रश्न, आणि त्याचं उत्तर बापाच्या वहीत नसतं.

आता दुकानात बियाण्याबरोबर हाही सल्ला मागायला लोक येतात. गावातला मी या विषयातला जाणकार झालोय, एका मुलीच्या अॅडमिशनवर. येणाऱ्याला मी वहीचे चार रकाने दाखवतो. मग उठताना एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती मला निकालाच्या दिवशी कळली होती. नॉन क्रीमीलेयर प्रमाणपत्र चालू आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलंच लागतं, ते प्रांत कार्यालयातून निघतं, आणि जूनमध्ये सगळ्या तालुक्याला एकदम आठवतं. जात पडताळणीचं काम त्याच्या किती तरी आधी. तर एप्रिल उजाडला की पहिलं तेवढं काढून ठेवा. पेरणीच्या दिवसांत मला रांगेत उभं राहायला वेळ नव्हता, तुम्हालाही नसणार.